बहिणीची डिग्री आणि उमरेड रोडचा प्लॉट

माझी बहीण बारावी झाली तेव्हा मी गांधीबागेत एका ठोक कापडाच्या दुकानात नोकरीला होतो. साध्या कॉलेजातून बी.कॉम. केलं होतं, तेही सकाळच्या वर्गात. फी अशी काही नव्हतीच, आणि डिग्रीचा उपयोगही असा काही झाला नाही. शेठनं ती कधी बघायला मागितली नाही. थान उलगडायचं, मीटर मोजायचे, गाठोडी बांधून घ्यायची, हे सगळं मी दुकानातच शिकलो.

बाबांचं महाल भागात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा, दोन स्टूल आणि तेलाचा वास. तयार कपडे स्वस्त झाले तशा घरोघरच्या मशिनी माळ्यावर गेल्या आणि बाबांचं काम आटत गेलं. पण घरात शिक्षणाचा विषय निघाला की बाबांचा आवाज बदलायचा. आमच्या आजोबांनी याच शहरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. ते म्हणायचे, देव सोडले, आता पुस्तक धरा. बाबांना स्वतःला ते जमलं नाही, सातवीतच दुकानात बसावं लागलं. त्यामुळे मुलांच्या बाबतीत ते हे वाक्य कर्जासारखं वागवत. मी बेताचाच होतो. बहीण मात्र हुशार होती, आणि ती हुशार आहे हे आमच्या गल्लीतल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं, कारण बाबांनीच ते सगळ्यांना सांगितलं होतं.

तिला इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेत बरे मार्क मिळाले, पण फार चांगले नाहीत. सरकारी यादीत तिचं नाव चंद्रपूरकडच्या एका कॉलेजात लागलं, सिव्हिलला. आम्हाला तिथली फी माफ होती, फक्त होस्टेलचा खर्च. तिला कॉम्प्युटर पाहिजे होतं. त्याच आठवड्यात शहराबाहेर हायवेला झालेल्या एका खाजगी विद्यापीठातून फोन यायला लागले. बोलणारी मुलगी फार गोड बोलायची आणि बाबांना ‘सर’ म्हणायची. बाबांना तोवर कुणी सर म्हटलं नव्हतं. फोन आला की ते स्टुलावरून उठून उभे राहून बोलत.

एका रविवारी त्यांनी आम्हाला बघायला बोलावलं. काचेची इमारत होती, आत इतका गारवा की आईनं पदर खांद्याभोवती ओढून घेतला. एका लांब भिंतीवर नोकरी लागलेल्या मुलांचे फोटो होते आणि प्रत्येकाखाली पगार. बाबा त्या भिंतीपाशी फार वेळ थांबले. एकेक फोटो, एकेक आडनाव वाचत पुढं सरकत होते. आपल्या समाजाची मुलंही त्यात आहेत का ते बघत होते हे मला कळलं. होती.

मग टाय लावलेल्या एका माणसानं आम्हाला बसवून चहा दिला. बाबांनी सरळच विचारलं, “नोकरी लागते का पण?”

“शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स आहे, सर.”

बाबांनी त्यातला ‘शंभर टक्के’ ऐकला. मी विचारलं, असिस्टन्स म्हणजे काय? तो म्हणाला, आमच्याकडून पूर्ण मदत असते. फी-माफी इथं लागू होत नाही, हेही त्यानं लपवलं नाही, पण लगेच म्हणाला की बँकेचं लोन सहज होतं, इथंच त्यांचा माणूस बसतो. खोटं असं तो काहीच बोलला नाही. आजही आठवून पाहिलं तर त्याचं एकही वाक्य मला खोटं म्हणून पकडता येत नाही.

घरी आल्यावर तोलणं सुरू झालं. आमच्याजवळ तोलायला एकच गोष्ट होती, उमरेड रोडवरचा प्लॉट. बाबांनी वर्षानुवर्षं हप्ते भरून तो घेतला होता. तिथं दोन खोल्या बांधायच्या, मग माझं लग्न, असं ठरलेलं. आम्ही अधूनमधून तिथं जाऊन नुसतं उभं राहून यायचो. आई पायानं रेघ ओढून स्वयंपाकघर कुठं येईल ते दाखवायची.

मामा उमरेडहून मुद्दाम आला. तो तिकडे कोळशाच्या खाणीत कामाला होता. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं. सिव्हिल घ्यावं, फुकट आहे, पुढं सरकारी परीक्षेचे दरवाजे उघडे राहतात. बाबा चिडले. फुकट मिळते म्हणून आपल्या लोकांनी नेहमी उरलेलंच घ्यायचं का, असं त्यांनी विचारलं. मी मध्ये बोललो, “मामा बरोबर बोलून राहिले, बाबा.”

आई भाजी निवडत होती. तिनं वर न बघता म्हटलं, “तुले प्लॉट दिसून राहिला.”

ती रागानं बोलली नव्हती. पण त्यानंतर मला त्या विषयावर बोलताच येईना. मला प्लॉट दिसत होताच, नाही कसं म्हणू? पण मला ती ‘असिस्टन्स’ची गोष्टही दिसत होती. दोन्ही एकमेकांत अशी मिसळली होती की मी तोंड उघडलं असतं तर सगळ्यांना फक्त पहिलीच ऐकू आली असती.

बहिणीनं संध्याकाळी मला गच्चीवर गाठलं. म्हणाली, “दादा, खरं सांग. तुले काय वाटते?”

“तुले कॉम्प्युटरच पाहिजे ना? मग कर.”

“तुझं घर जाईल.”

“काहून वं, तू कमावणार नाही का?”

ती हसली. मला त्या हसण्याचं फार बरं वाटलं होतं.

प्लॉट गेला. घेणाऱ्यानं आमची घाई ओळखली आणि भाव पाडूनच घेतला. उरलेल्यासाठी बँकेचं कर्ज काढलं. बाबांकडे दाखवायला पगाराची चिठ्ठी नव्हती, म्हणून माझी लावली.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. ती गळ्यात कार्ड घालून सकाळी कोपऱ्यावर बससाठी उभी राहायची आणि बाबा काही ना काही कारण काढून तिच्याबरोबर तिथवर जायचे. पुढं पुढं ती कमी बोलायला लागली. शिकवणारे टिकत नव्हते. एक विषय शिकवायला मागच्याच वर्षी पास झालेला मुलगा आला होता, तो स्वतःच घाबरलेला असायचा. एकदा ती मला म्हणाली, “दादा, मी जे शिकून राहिली ते फोनवर फुकट आहे. कॉलेजचं म्हणशील तर बस आणि कार्ड.” हे बाबांना सांगू नको, असंही म्हणाली. सांगून तरी काय होणार होतं? मध्येच सोडलं तर भरलेलं सगळंच बुडणार होतं. मन लावून अभ्यास मात्र ती करत राहिली.

शेवटच्या वर्षी पुण्याची एक कंपनी आली आणि तिनं एका दमात बरीच मुलं घेतली. त्यात बहीण होती. बाबांनी संत्रा बर्फीचे डबे आणले आणि गल्लीत घरोघरी स्वतः जाऊन दिले. विद्यापीठानं तिचा फोटो मागवून घेतला. आईनं चाकाची मोठी बॅग घेतली, तिच्यात टॉवेल, मेतकूट, नवे ड्रेस असं एकेक भरत गेली.

रुजू व्हायची तारीख जवळ आली तेव्हा कंपनीचा मेल आला की तारीख पुढं गेली आहे. मग पुन्हा गेली. त्यानंतर पुढची तारीख येणंच थांबलं. बॅग भिंतीशी उभी होती. आईला त्यातला टॉवेल लागायचा, पण ती काढायची नाही. बाबांना कुणी विचारलं की ते सांगायचे, “जॉइनिंग होऊन राहिली, कंपनीचं काही चालू आहे.” लग्नाकार्यात तोच प्रश्न येतो म्हणून बहिणीनं जाणंच सोडलं. कर्जाचे हप्ते मात्र ठरल्या वेळी सुरू झाले.

मी आणि बहीण विद्यापीठात जाऊन आलो. टाय लावणारा तो माणूस नोकरी सोडून गेला होता. प्लेसमेंटच्या खोलीत नवीन बाई होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कॉम्प्युटरवर पाहिलं आणि सांगितलं, “यांची प्लेसमेंट झालेली आहे. झालेल्या मुलांना दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीला बसता येत नाही.”

मी म्हटलं, नोकरी कुठं लागली मॅडम, ती तर घरी बसून आहे.

“आमच्या रेकॉर्डला झालेली आहे.”

बाहेर येताना आम्ही त्या लांब भिंतीपाशी थांबलो नाही. पण जाता जाता दिसलंच. तिचा फोटो वरच्या ओळीत होता, केस नीट विंचरलेला, खाली पगाराचा आकडा. मी तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत चालत होती.

शेवटचा मेल आला त्या सकाळी ती पोळ्या लाटत होती. फोन ओट्यावर होता. तिनं वाचलं, पिठाच्या हातानंच तो उलटा ठेवला, आणि राहिलेल्या पोळ्या लाटल्या. सगळ्यांची जेवणं झाल्यावर तिनं सांगितलं की कंपनीनं ऑफर परत घेतली. आईनं विचारलं, म्हणजे किती दिवस पुढं गेली? तिला दोनदा समजावून सांगावं लागलं. बाबा उठून दुकानात गेले. त्या वारी दुकान बंद असायचं.

मग ती नोकरी शोधायला पुण्याला मैत्रिणीच्या खोलीवर राहून आली. सगळीकडे अनुभव मागत होते, नाहीतर मोठ्या जुन्या कॉलेजचं नाव. हिच्या विद्यापीठाचं नाव सांगितलं की समोरचा, ते कुठं आलं, असं विचारायचा. ती परत आली आणि इथल्याच एका खाजगी दवाखान्यात बिलाच्या काउंटरला लागली. पहिला पगार झाला तेव्हा मला म्हणाली, “दादा, तुझ्याहून कमी आहे गा,” आणि हसली. तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी मुलगी साधी बी.ए. आहे. दोघींचं काम एकच. बहिणीचा पगार जातो हप्त्यात, माझ्या पगारात घर चालतं. माझ्या लग्नाचं आता कुणी काढत नाही. तिच्यासाठी वर्ध्याहून एक स्थळ आलं होतं, त्यांनी आधी डिग्री ऐकली, मग नोकरी ऐकली, आणि कळवतो म्हणाले.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतला वायरमन बाबांकडे आला. त्याची मुलगी बारावी झाली होती आणि त्यालाही फोन येत होते. तो चटईवर बसला, म्हणाला, काका, तुम्ही हे सगळं करून बसले, तुम्हीच सांगा, टाकू का तिले तिथं?

बहीण आत चहा करत होती. मी दारात होतो. बाबांनी पंखा त्याच्याकडे वळवला. मग म्हणाले, “टाका. चांगलं आहे. शिकल्यानं कुणाचं वाईट होत नाही.”

बहिणीनं चहा आणून ठेवला, मुलीला किती मार्क मिळाले ते विचारलं आणि आत गेली.

वायरमन निघाला तसा मी त्याच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेलो. फी, कर्ज, भिंतीवरचा फोटो, दवाखान्याचं काउंटर, सगळं त्याला सांगितलं. त्यानं मध्ये न तोडता ऐकलं. वाद घातला नाही. फक्त म्हणाला, “मग कुठं टाकू दादा? तुम्हीच सांगा.”

मला एकदम मामाचं चंद्रपूर सुचलं. पण त्याच्या मुलीला सरकारी यादीत कुठलीच जागा लागली नव्हती. मग साधं कॉलेज म्हणणार होतो. तो माझ्याकडे बघत होता. साध्या कॉलेजात शिकून मी कुठं काम करतो ते त्याला ठाऊक होतं. शेवटी मी म्हटलं, विचार करा. तो हो म्हणाला.

घरी आल्यावर मी बाबांना विचारलं, असं काहून सांगितलं? बहीण आतच होती, भांडी घासत होती. बाबा हळू आवाजात म्हणाले, “मग काय सांगू गा? आपण फसलो म्हणू? तिच्यासमोर?”

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. तो पुन्हा सुरू व्हायला जरा वेळ लागला.

वायरमननं मुलीला तिथंच टाकलं. गावाकडची त्याच्या वाट्याची जागा भावाला विकली, असं नंतर कळलं. बहिणीनं त्या मुलीला आपली पुस्तकं आणि कॅल्क्युलेटर देऊन टाकलं. आता ती मुलगी सकाळी कोपऱ्यावर बसची वाट बघत उभी असते. मी गांधीबागेत जातो तो त्याच रस्त्यानं. ती दादा म्हणून हाक मारते, अभ्यास कसा चाललाय असं मी विचारतो. ती म्हणते, मस्त. मग तिची बस येते आणि मी पुढं निघतो.