एनेलेसीबाईंची बोटं

डेझाच्या डोंगराखालच्या अंधशाळेत एनेलेसीबाई तेवीस वर्षं शिकवत होत्या. स्वतः जन्मांध. नव्या मुलांना त्या पहिल्याच दिवशी सांगत, की माणसं थापा मारतात, ब्रेलचे उठावदार ठिपके मारत नाहीत. बोटाला लागेल ते खरं.

अशी बाई पुढाऱ्याच्या नादी लागली! पण वर्गात बारा मुलांत ब्रेलचं एकच झिजलेलं पुस्तक होतं, आणि म्वालेसाहेबांनी निवडणुकीत नव्या पुस्तकांचं वचन दिलं होतं. बाई त्यांच्यासाठी गावोगाव फिरल्या. साहेब खासदार झाले आणि पुढची चार वर्षं नुसती बोलाचीच कढी. बाजारात टोमॅटोवालीसुद्धा डिवचायची, "काय बाई, आली का पुस्तकं?" बाई म्हणायच्या, येतील.

पुन्हा निवडणूक आली तेव्हा पुस्तकं आली. शाळेच्या पटांगणात मांडव उभा राहिला, पक्षाची लुगडी नेसून बायका नाचल्या, रेडिओवाले आले. प्रत्येक मुलाच्या मांडीवर एकेक जाडजूड पुस्तक ठेवलं गेलं. पहिलं पान बाईंनी माईकवर वाचायचं होतं, आणि त्यानंतर साहेब वसतिगृहाचं नवं छप्पर जाहीर करणार होते. जुन्या छपरातून गळणाऱ्या पाण्यानं गेल्या पावसात तीन मुलं तापानं फणफणली होती.

बाईंनी पानावरून बोट फिरवलं. सपाट. दुसरं पान, तेही सपाट. कागदाला मक्याचा वास येत होता. ब्रेलची पुस्तकं उभी ठेवायची असतात. ही कुण्या शहाण्यानं गोदामात आडवी रचून वर वाटपाच्या मक्याची पोती लादली होती. सगळे ठिपके दबून गेले होते.

साहेब कानाशी वाकले. "वाचा ना बाई. इथं कुणाला कळतंय? येत असेल ती गोष्ट सांगा. छप्पर हवंय ना?"

छप्पर हवंच होतं. बाई बोट फिरवत सशाची गोष्ट सांगू लागल्या. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून तियामिकेचा आवाज आला. नऊ वर्षांची पोर, नुकतीच कुठे वाचायला लागलेली.

"बाई, कितव्या ओळीवर आहात? मला सापडतच नाहीये. माझी बोटं बिघडली का?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब माईककडे हात नेत होते, त्याआधीच त्या बोलल्या.

"नाही गं बाळा. तुझी बोटं चांगली आहेत. पानावर काहीच उरलेलं नाही. मी खोटं वाचत होते."

रेडिओवर ते सगळ्या जिल्ह्यानं ऐकलं. छप्पर जाहीर झालं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात जुनंच पुस्तक उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. तियामिकेनं त्यांचा हात धरला.

"बाई, यात खरंच लिहिलंय ना?"

तेवीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी पुस्तक तिच्यापुढे सरकवलं.

"आधी तू वाच," त्या म्हणाल्या. "मग मी वाचते."