डावी ट्यूब

कॅसेटच्या कारखान्यात त्यांचं काम एकच होतं, ऐकणं. तयार मालातली कुठलीही कॅसेट उचलायची, ऐकायची आणि अंगठा वर किंवा खाली करायचा. खाली गेला की अख्खी खेप परत. "मशीन चुकेल, कानवाले चुकायचे नाहीत," असं मालकसुद्धा म्हणायचे. मग कॅसेटी गेल्या, कारखाना गेला, मालकही गेले. कान तेवढे उरले.

आणि हेडफोनचा ट्यूबवाला अँप्लिफायर. काळा लोखंडी डबा, डोक्यावर काचेच्या दोन ट्यूब, आत निखाऱ्यासारखी लाल तार. डावी ट्यूब डाव्या कानाची, उजवी उजव्याची. काडीला कापूस गुंडाळून ते स्पिरिटने ट्यूबच्या पिना पुसत बसायचे.

"माझ्या गुडघ्यांना इतकं स्पिरिट चोळलं असतंत, तर मी पळत सुटले असते," बायको म्हणायची.

"गुडघे बदलून मिळतात. ही ट्यूब आता कोणी बनवत नाही."

नियम कडक होता. चालू असताना ट्यूबला हात लावायचा नाही. बंद करायचं, गार होऊ द्यायचं, मग हलक्या हाताने घोळवत उपसायची. हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. कुठून कुठून जुन्या ट्यूब मिळवायच्या, बदलून ऐकायच्या आणि निकाल द्यायचा. "ही कोरडी बोलते." "हिच्या आवाजात ओल आहे."

"ओल असेल तर उन्हात ठेवा ना, भावोजी," मेहुणा चिडवायचा.

पण काम जमवून आणलं ते त्यानेच. जुन्या ध्वनिफिती जपून ठेवणाऱ्या एका संस्थेला जाणता कान हवा होता. उद्या सकाळी परीक्षा होती. एकाच गाण्याच्या दोन प्रती वाजवणार, त्यातली चांगली कुठली ते सांगायचं. कारखाना बंद पडल्यापासून घर बायकोच्या शिलाई मशीनवर चाललं होतं. तिने त्यांचा शर्ट आधीच इस्त्री करून ठेवला होता.

दुपारी ते डोळे मिटून ऐकत बसले होते. सराव म्हणे. ती डब्याखालची फळी पुसत होती. फडक्याचा सुटलेला धागा डाव्या ट्यूबला अडकला, आणि तिला कळायच्या आत ट्यूब फडक्यासकट हातात आली. गरमागरम. आता बोंबलणार, म्हणून तिने मान आत घेतली.

"अगं, ऐक!" हेडफोन लावलेला माणूस ओरडतो तसे ते ओरडले. डोळे मिटलेलेच. "डावीकडून कसा लोण्यासारखा येतोय आवाज! ट्यूब आता कुठे मोकळी झाली."

ती फडकं घेऊन तशीच उभी राहिली. मग घाईघाईने ट्यूब परत बसवायला गेली, तर पिना भोकांत शिरेनात. काच लोखंडावर टणकन वाजली. त्यांनी डोळे उघडले.

"कधी निघाली?"

"आत्ताच. म्हणजे... मघाशी."

"मी लोणी म्हणालो तेव्हा?"

तिने ट्यूब फळीवर ठेवली.

"अगं, तेव्हा कुठे होती?"

"माझ्या हातात."

त्यांनी फडकं तिच्या हातून घेतलं आणि चालू डब्यातली उजवी ट्यूबही उपसली. हेडफोन काढून तिच्या कानांना लावला.

"थांबलं गाणं?"

"नाही."

"दोन्हीकडून येतंय?"

"दोन्हीकडून."

"म्हणजे दिवे आहेत हे. शोभेचे. आवाज भलतीकडूनच येतोय."

"मेल्यांनी फसवलं तुम्हाला!"

"डब्याने फसवलं, कबूल. पण ओल कोणी ऐकली? कोरडी कोण म्हणालं?"

"कारखान्यात तर कधी चुकला नाहीत."

"तुला काय माहीत? मी अंगठा खाली केला की माल परत. माझ्यावर दुसरा कान होता कुठे?"

हेडफोन डब्याशेजारी ठेवून ती त्यांच्यासमोर बसली.

"उद्या जाऊन तर या."

"तुझ्या दादाला फोन कर. नाही म्हणून सांग."

"अहो, दोनातलं एक तर सांगायचंय! डोळे मिटून बोट ठेवलंत तरी अर्ध्या वेळा बरोबर येईल."

"तेच तर. आजवर तेवढंच होत असेल."

ते दुखावले असते, चिडले असते, तर तिने समजूत काढली असती. ते शांतपणे, हिशेब तपासून झाल्यासारखे बोलले होते. तिने तिथेच, हेडफोनशेजारी बसून भावाला फोन लावला.

"त्यांना बरं नाहीये रे."

"काय झालं? आवाज तर येतोय गाण्याचा!"

"हो, येतोय," ती म्हणाली आणि फोन ठेवून मशीनवर जाऊन बसली. हेडफोनमधून बारीक आवाजात गाणं चालूच होतं. ते बंद करायला दोघांपैकी कोणी उठलं नाही.