कागदाची डावी बाजू

मास्तरांचा हात आखडता, आणि कागदाच्या बाबतीत तर विचारूच नका. एकतीस वर्षं गणित शिकवलं, पण आलेख काढताना शून्य कायम खालच्या डाव्या कोपऱ्यात. मधोमध मांडलं की अर्धा कागद उणे आकड्यांपायी वाया जातो, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मास्तरांच्याच वर्गात त्यांची लेक होती. चाचणीत प्रश्न आला: क्षचा वर्ग आणि दोनचा क्षवा घात यांचे आलेख काढा, ते किती ठिकाणी भेटतात ते सांगा. साऱ्या वर्गानं दोन लिहिलं. लेकीनं शून्य मधोमध मांडून तीन लिहिलं. मास्तरांनी लाल काट मारली.

"बाबा, डावीकडे एकदा बघा तरी," जेवताना ती म्हणाली.

"बापाला शिकवू नकोस. जेव."

ती जेवली. पुढे गणित सोडून टपाल कचेरीत लागली. हसायची, बोलायची, मास्तरांची औषधं आणायची; वाद मात्र पुन्हा घातला नाही. मास्तर म्हणायचे, पोर शहाणी झाली. कसली शहाणी! गप्प झाली होती.

गेल्या वर्षी कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ती गेली. परवा तिचं कपाट आवरताना ती उत्तरपत्रिका निघाली. मास्तरांनी कोरा आलेख कागद घेतला आणि जन्मात पहिल्यांदा शून्य मधोमध मांडलं. उणे एकवर वर्ग एक, घात अर्धा. शून्यावर वर्ग शून्य, घात एक. वरचा खाली गेला, खालचा वर आला; मध्ये भेटल्याशिवाय हे होईल कसं? शेंबड्या पोरालाही कळेल.

"तिचं बरोबर होतं गं," ते बायकोला म्हणाले.

"ते तिला माहीत होतं," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, एवढंच."

मास्तरांनी उत्तरपत्रिकेवरचे एकोणपन्नास गुण खोडून पन्नास केले. खाली शिक्षकाची सही त्यांचीच होती. शेजारी पालकाच्या सहीची जागा कोरी. ती तेव्हा सही मागायला आलीच नव्हती. त्यांनी आता सही केली, आणि कागद कुणाला परत द्यायचा ते कळेना म्हणून तसाच मांडीवर घेऊन बसून राहिले.