स्वयंपाकघर नसलेलं हॉटेल

इंदूरच्या मधुरिमाबाई पारनेरकरांनी सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली, पण हॉटेलात कधी एक रात्रही काढली नाही. पैसे नव्हते म्हणून नव्हे. घरात दोन पगार होते, फिरायची हौस होती, दर उन्हाळ्यात सामान बांधलं जायचं. पण पारनेरकरांच्या घराचा एक दंडक होता. ज्या गावात ओळखीचं माणूस आहे तिथे हॉटेलात उतरायचं नाही. तो त्या माणसाचा अपमान. आणि त्यांचे यजमान चिंतामणराव यांच्या ओळखीचं माणूस नाही असं गाव हिंदुस्थानात शोधून सापडलं नसतं. जयपूरला कोणाचा तरी साडू निघायचा, नाशकाला मावसबहीण, आणि पार कन्याकुमारीलाही त्यांच्या वीज मंडळातल्या जुन्या साहेबांनी घर केलेलं होतं.

ओळखीच्या घरी उतरलं की पुरुष बैठकीत बसत आणि मधुरिमाबाई रिक्षातून उतरून सरळ स्वयंपाकघरात जात. पाहुणी झाली म्हणून काय झालं, बाईमाणसाने नुसतं बसून कसं राहायचं? घरची बाई "अहो, राहू द्या हो" म्हणायची आणि म्हणता म्हणता पोळपाट पुढे सरकवायची. जयपूरचा किल्ला बाईंनी ओट्याशी उभं राहून खिडकीतून पाहिला. कन्याकुमारीला चिंतामणराव, त्यांच्या थोरल्या ताई, सगळी मंडळी पहाटे सूर्योदय बघायला गेली, तेव्हा त्या परतणाऱ्या मंडळींसाठी पुऱ्या तळत होत्या. तीन समुद्र जिथे मिळतात ती जागा वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवायची, आणि प्रत्यक्ष तिथे जाऊन बघायची ती कढई! याचा राग त्यांना तेव्हाही आला होता. आता नोकरी संपल्यावर तो वरचेवर यायला लागला होता.

अशात अमेरिकेतल्या मुलाचा, विक्रांतचा फोन आला. "आई, जानेवारीत इकडे येताय ना, तर एक हफ्ता ग्वाटेमाला करून घ्या दोघं. इथून अगदी पास आहे. मला छुट्टी नाही मिळणार, पण टिकिट माझं. तू फक्त हॉटेल सिलेक्ट कर. छोटे फॅमिलीवाले हॉटेल असतात तिथे, सस्ते अन् एकदम साफ. तू सांग, मी बुक करतो."

मध्य अमेरिकेचा नकाशा बाईंच्या डोळ्यांसमोर लगेच उभा राहिला. दोन खंडांमधली ती चिंचोळी पट्टी, तिच्यावरचे ज्वालामुखींचे त्रिकोण. पण खरं सांगायचं तर मनात पहिला विचार ज्वालामुखींचा आला नाही. तिथे आपल्याला काळं कुत्रंही ओळखत नाही, हा विचार पहिला आला, आणि त्यांना इतका आनंद झाला की चिंतामणरावांनी विचारलं, "काय गं, लॉटरी लागली का?"

मग इंदूरच्या स्नेहलतागंजमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये दुपारची भांडी आवरली की बाई फोन घेऊन बसायला लागल्या. हॉटेल निवडणं म्हणजे काय डोकेदुखी असते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. एक पाहुणा लिहायचा की जागा फार शांत. त्याच जागेबद्दल दुसरा लिहायचा की शेजारच्या चर्चची घंटा पहाटेपासून डोकं उठवते. गरम पाणी आहे म्हणायचे, आणि खाली बारीक अक्षरात असायचं की ऊन पडलं तर. स्वस्त म्हणून उघडावं तर एका खोलीत आठ पलंग, एकावर एक रचलेले, आणि वरच्या पलंगावर गिटार घेऊन बसलेला कोणी दाढीवाला पोरगा. गुडघे धरून शिडी चढणाऱ्या मधुरिमाबाई त्यांच्या स्वतःच्याच डोळ्यांसमोर आल्या आणि त्यांनी ते पान चिडून बंद केलं. त्यात वरून लाल अक्षरांची धमकी सारखी चालूच: शेवटची खोली उरली आहे, आत्ता बघणारे आणखी अमुक जण आहेत. "बघा म्हणावं खुशाल," त्या फोनवरच खेकसायच्या.

आणि या सगळ्यात चिंतामणरावांची मदत! ते खांद्यावरून डोकावायचे आणि बरोबर नको तिथे बोट ठेवायचे.

"हे घे ना. देख, किचन दिलंय. गॅस, भांडे, फ्रिज, सब कुछ. अन् तुझ्यावाल्यापेक्षा सस्तं."

"जिना फार आहे तिथे."

"अच्छा, मग हे? ग्राउंड फ्लोअर. किचन पण मोठं आहे."

"रस्त्यावर आहे. गोंगाट असेल."

"तुला काहीच पसंत नाही पडत यार. आपण शाकाहारी माणसं, तिथे खाणार काय? खिचडी तर घालता यायला पाहिजे ना?"

जिना नव्हता, गोंगाटही नव्हता. ज्या जागी स्वयंपाकघर आहे ती जागा बाई डोळे मिटून बाद करत होत्या. जगभरची माणसं ज्या सोयीवर खूण करून शोधतात, तीच सोय नसलेलं हॉटेल त्यांना हवं होतं. पण "मला तिथे रांधायचं नाही" हे साधं वाक्य काही तोंडातून निघत नव्हतं. इतकी वर्षं न बोललेली गोष्ट आता बोलायची म्हणजे जणू नवऱ्यावर आरोपपत्रच ठेवायचं, असं त्यांना वाटायचं. मग त्या जिन्यांवर नि गोंगाटावर खापर फोडायच्या आणि आतल्या आत धुसफुसायच्या.

शेवटी ते सापडलं. अँटिग्वा नावाचं जुनं गाव, पिवळ्या भिंतींचं मोजक्या खोल्यांचं हॉटेल, मधल्या चौकात लिंबाचं झाड. गच्चीवरून धूर सोडणारा ज्वालामुखी दिसतो. भाडं झेपण्यासारखं, खोली तळमजल्यावर, आणि पाहुण्यांसाठी स्वयंपाकघर नाही. नाश्ता मालकीणबाई स्वतः करून वाढतात. त्याचा एक फोटो होता: बाईंच्याच वयाची एक पाहुणी खुर्चीत बसलेली आहे आणि मालकीण तिच्यापुढे बशी ठेवते आहे. बशीत काळा राजमा, मक्याच्या पोळ्या, पपई. बाईंनी ज्वालामुखीचा फोटो एकदा पाहिला आणि हा पुन्हा पुन्हा पाहिला. त्यांनी विक्रांतला कळवलं, हे बघ, आवडलंय, बाबांना विचारून सांगते. हे शेवटचं वाक्य लिहिलं ती चूक झाली.

त्याच संध्याकाळी चिंतामणराव फिरून आले ते विजयी मुद्रेने. येताना ते बडा गणपतीजवळच्या नेहमीच्या नमकीनवाल्याकडे थांबले होते, आणि ग्वाटेमालाची गोष्ट सांगताच तो नमकीनवाला म्हणाला होता, "अरे भिया, वहाँ तो अपना भतीजा है!" अंकुर नाव. वेलदोड्याच्या व्यापारात आहे. ग्वाटेमालात वेलदोडा पिकतो हे बाई मुलांना शिकवत आल्या होत्या, पण तो वेलदोडा एक दिवस असा आपल्यावर उलटेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"बात पण झाली," चिंतामणराव म्हणाले. "इतका खूश झाला पोरगा! म्हणतो, होटल-वोटल काही नाही, सीधे घरी यायचं. एकटाच राहतो. म्हणतो, अंकलजी, ढंगाचे पोहे खाऊन जमाना झाला. मी म्हटलं, तुझी आंटी आल्यावर रोज खा. विक्रांतला मेसेज टाकून दिलाय, होटल रहने दे म्हणून."

मधुरिमाबाईंनी हातातला फोन टेबलावर ठेवला.

"मी नाही जाणार त्याच्याकडे."

"का? चांगला मुलगा आहे. आपल्या गावचा आहे."

"म्हणूनच नाही जाणार! तुमच्या गावच्या माणसांना मी उभ्या हिंदुस्थानात रांधून घातलंय. आता समुद्र ओलांडून पोहे करायला जाऊ? मला हॉटेलात राहायचंय. कोणीतरी माझ्यापुढे बशी ठेवलेली मला बघायचीय. मरायच्या आत एकदा!"

आवाज चढला होता, आणि तो स्वतःचाच आहे हे त्यांना जरा उशिराने कळलं. चिंतामणराव चकित झाले. भांडखोर माणूस नव्हता तो. त्यांना खरंच उमगलं नव्हतं.

"अगं, पण आपण काय कमी फिरलो का?" ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "कन्याकुमारी आठव. तो सूर्योदय! तू किती वेळ हात जोडून उभी होतीस. निळी शाल होती तुझी, हवेत उडत होती. मी म्हटलं पण तुला, चल आता, तर तू हललीच नाहीस."

"त्या तुमच्या ताई होत्या," मधुरिमाबाई म्हणाल्या. "निळी शाल ताईंची होती. मी घरी पुऱ्या तळत होते."

चिंतामणरावांच्या चेहऱ्यावर ती निळी शाल हळूहळू दुसऱ्या कोणाची तरी होत होती. इतकी वर्षं त्यांनी तो सूर्योदय दोघांचा म्हणून जपून ठेवला होता. बाईंना त्यांची दया आली, आणि दया आल्याचाही राग आला. किती सोपं होतं त्यांचं, आठवणीतसुद्धा बायकोला आयती उभी करून घेतली होती.

तेवढ्यात चिंतामणरावांचा फोन वाजला. अंकुर. त्यांनी तो कानाला लावला आणि चाचरत म्हणाले, "हाँ बेटा... नहीं, वो होटल का ऐसा है... तू ही आ जाना वहाँ, आंटी कुछ बना..."

मधुरिमाबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला. "अंकुर बेटा, मैं मधुरिमा आंटी. हम होटल में रुकेंगे. और वहाँ मैं कुछ नहीं बनाऊँगी, चाय भी नहीं. तुम आना, हमें बाहर खाना खिलाने ले जाना."

पलीकडून पोरगा म्हणाला, "हाँ आंटीजी, बिलकुल." एवढं सोपं होतं ते! हे वाक्य जयपूरला म्हटलं असतं, नाशकाला म्हटलं असतं, तर काय आभाळ कोसळलं असतं? बाईंना रडायला येईल असं वाटलं, पण त्यांनी आधी स्वतःचा फोन उचलून विक्रांतला लिहिलं, तेच पिवळं हॉटेल, आत्ताच्या आत्ता बुक कर.

चिंतामणराव खुर्चीत बसून होते.

"ठीक आहे, होटल तर होटल. आता चहा टाकतेस ना?"

"तुम्ही टाका."

ते उठले. स्वयंपाकघरात दिवा लागला, डब्यांची झाकणं वाजली. "अगं, पत्ती कुठे असते?" पहिला डबा तिखटाचा निघाला असावा, कारण ते शिंकले. दुसरा पडला, आणि मेथीचे दाणे फरशीवर पसरल्याचा आवाज बाईंना स्पष्ट ओळखू आला. त्यांचे पाय आपोआप घरातल्या चपलांकडे गेले. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि त्या बसून राहिल्या.