चौसाळ्याच्या गॅरेजातला टेम्परेचरचा काटा

गॅरेजात दोन गोष्टी आपोआप साठतात. भंगार आणि किस्से! भंगार आम्ही दर दिवाळीला विकायचो. किस्से न्यायला कुणी येत नाही, म्हणून तुमच्या गळ्यात मारतोय.

उदारीकरण आलं तेव्हा चौसाळ्यात हायवेला मन्मथअप्पांचं गॅरेज होतं आणि मी तिथे वायरिंग बघायचो. टेम्परेचर सेन्सरवाल्या नव्या गाड्या दिसायला लागल्या आणि अप्पांना एकच ध्यास लागला, कंपनीची ‘अधिकृत’ पाटी! ती नाही मिळाली तर नव्या गाड्या शहरात जाणार आणि आम्ही माश्या मारत बसणार.

*

पहिली नवी गाडी एका आडत्याची. शेटजी तणतणतच उतरले.

“टेम्परेचरचा काटा अर्ध्याच्या वर सरकतच न्हाई! आर्धीच गाडी दिली का काय आमाला?”

अप्पा म्हणाले, “शेटजी, अंगात ताप चढला की तुमी पेढे वाटता का?”

शेटजी गेले, पण काही पटलेलं दिसलं नाही.

*

उमापूरचा बाबू काळीपिवळी जीप चालवायचा. काटा चढला की पुढचे पॅसेंजर घाबरून उतरायचे, म्हणून पठ्ठ्याने सेन्सरची वायरच उपटली! काटा खाली, पॅसेंजर खूश. आठ दिवसांत इंजन जाम.

“अप्पा, काटा तर खालीच व्हता की!”

“मग त्या काट्यालाच म्हणावं, मार धक्का!”

*

एका पुढाऱ्याची गाडी लई तापायची. शहरात दोनदा सेन्सर बदलून झाला. अप्पांनी बघितलं तर कार्यकर्त्यांनी समोरच्या जाळीवर साहेबांचा भलामोठा पत्र्याचा फोटो ठोकलेला!

“फोटो काढा. आत हवाच जात न्हाई.”

ड्रायव्हरने हातच जोडले. “इंजन बदला अप्पा, पण फोटोला हात लावू नका!”

*

शेवटी पाटीसाठी कंपनीचा टायवाला इंजिनिअर तपासणीला आला. फॉर्मात एक रकाना होता, ‘तापमान मोजण्याचे उपकरण’. अप्पांनी मान खाली घातली. साहेबांनी ‘नाही’ लिहिलं आणि निघाले. मला रडूच यायचं बाकी होतं.

बाजाराच्या गर्दीत साहेबांच्याच गाडीचा काटा लाल खुणेला टेकला. आले परत! मीटर लावून म्हणाले, “सेन्सर खराब आहे. नवी गाडी तापत नसते. शहरात गेल्यावर बदलतो.”

अप्पांनी इंजनावर लांबून तळहात धरला, मग रेडिएटरचा वरचा पाइप चाचपला.

“साहेब, इंजनाची भट्टी झालीय आन् पाइप गार हाय. पाणी फिरतच न्हाई. असंच गेलात तर मांजरसुंब्याच्या घाटात गाडी बसंल.”

इंजन निवल्यावर थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, खोलला. पार जाम!

 साहेबांनी फॉर्म काढला, ‘नाही’ खोडलं, दोन शब्द लिहिले आणि सही करून अप्पांपुढे ठेवला.

तापमान मोजण्याचे उपकरण : उजवा हात.