नीलाक्काची मिटलेली मूठ

नीलाक्का गेली, असं तिच्या लेकीच्या गावाहून, मादन हिप्परग्याहून आलेला पाव्हणा बोलला, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, "कुणी बघितलं?" ही सवय तिचीच. दूधवाल्यापासून देवापर्यंत तिचा कुणावर भरवसा नव्हता… म्हणूनच तर माझं तिच्याशी जमलं.

गावाला सरकारी हातपंप एकच मिळणार होता. तो वरच्या आळीत बसवायचा की आमच्या बौद्ध गल्लीत, हे बायांनी ठरवायचं होतं. तोवर आम्ही वरच्यांच्या विहिरीपाशी, कुणी घागरीत पाणी ओततंय का म्हणून ताटकळायचो. प्रत्येकीनं मडक्यात एक दाणा टाकला. वरच्या आळीसाठी ज्वारी, आमच्यासाठी तूर. नीलाक्काचे थोरले दीर, अप्पा, यांनी एकेक दाणा काढत दोन ढीग लावले आणि ज्वारी एकानं जास्त म्हणून सांगितलं. आमच्या बाया उठायला लागल्या. नीलाक्का वरच्या आळीतली, तिनं खूश व्हायचं, तर म्हणाली, "अप्पा, काढायलाव तुम्हीच, मोजायलाव तुम्हीच. मग आम्ही कामून बसलाव?"

दाणे परत मडक्यात गेले. तिची रीत अशी, की पहिलीनं एक दाणा मुठीत धरायचा आणि बाकीचं मडकं शेजारणीला द्यायचं. शेजारणीनंही तेच करायचं. पहिली ती स्वतःच बसली, दुसरी मी. मडकं रिकामं होऊन शेवटी अप्पांकडे गेलं. त्यांनी पालथं घातलं, म्हणाले, "काय न्हाई." तिथून मोजणी माघारी फिरली. एकेकीनं मूठ उघडायची, आलेल्या आकड्यात आपला दाणा मिळवायचा, अलीकडचीला सांगायचं. कुणा एकाच्या हातात सगळं न्हाई. माघारी येत येत माझ्यापाशी ज्वारी-तूर बरोबरीत आली. राहिली फक्त नीलाक्काची मूठ. ती उघडली… तूर.

पंप आमच्या गल्लीत आला. अप्पांनी लबाडी केली, असं गाव म्हणत राहिलं. मी मात्र तिच्या मांडीला मांडी लावून बसले होते. त्या दिवशी ती घरची तूर निवडता निवडता उठून आली होती. आणि तिची मूठ सगळ्यांत आधी मिटली, सगळ्यांत शेवटी उघडली.

पाणी पीत राहिले, विचारलं न्हाई. ती अंथरुणाला खिळल्यावर विचारलं, "अक्का, मुठीत मूळचं काय होतं?"

"तू बघितलीस?"

"न्हाई."

"मग अप्पांवरच संशय घे. ते बिचारे आता भांडायला येत न्हाईत."

पंपाखाली लावायच्या आधी मी अजून घागर पालथी घालते, बुडावर टिचकी मारते, "काय न्हाई" म्हणते. घागर रोज बघून होते. मूठ तेवढी बघायची राहिली.