कासराभर अंतर

लातूरच्या एका कॉलेजात वीरण्णा पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. एका सकाळी वर्गात खडू नेऊन दिल्यावर तो दाराशीच रेंगाळला. सर मुलांना सांगत होते, की वस्तू कुठे आहे हे सांगायला नुसतं अंतर पुरत नाही. आधी एक आरंभबिंदू धरायचा, तिथून अंतर सांगायचं आणि दिशाही सांगायची. याला ते स्थान सदिश म्हणाले. एवढं असलं की जागा हरवत नाही.

वीरण्णाच्या छातीतला दगड हलला. बहात्तरच्या दुष्काळात औरादच्या रस्त्यावर खडी फोडताना त्याची लेक नीलव्वा गेली. पाणी पाणी करत गेली. बायको कस्तुराबाई तापानं फणफणलेली, तिला लेकीचं तोंडही दिसलं नाही. वीरण्णानं पोरीला रस्त्याकडेच्या शेतात लिंगायत रीतीप्रमाणे बसवून पुरलं आणि खूण धरली: कडुलिंबापासून मैलाच्या दगडाच्या रोखानं, एक कासरा, म्हणजे बैलाच्या दोरीएवढं अंतर. मग दोघं पोटामागं लातूरला आली. तेव्हापासून कस्तुराबाईचं मागणं एकच, लेकीच्या जागेवर आपल्या हातानं पाणी घालायचं. शेत नांगरलं गेलं असेल, जागा सापडायची नाही, म्हणून तो टाळत आला होता. त्या दिवशी मात्र घरी येऊन म्हणाला, चल.

लिंब होता. शेंडा वाळलेला, पण होता. त्यानं सोबत आणलेल्या कासऱ्याचं टोक बुंध्याला बांधलं आणि मैलाचा दगड पाहायला मान वर केली. दगड भलतीकडेच होता, पार आटलेल्या ओढ्याजवळ, कोराकरकरीत.

शेताचा मालक महादेवप्पा बांधावरून आला. नवा जिल्हा झाला तशी रस्त्याची माणसं जुने दगड उपटून नवे रोवून गेली, असं त्यानं सांगितलं.

"आता लातूरपासून मोजतेत, काका. गाव जागच्या जागी हाय, आकडा तेवढा हालला."

"जुना कुठं होता?"

"दगूड कोन ध्यानात ठेवतंय?" तो हसला. मग कस्तुराबाईच्या हातातली पाण्याची चरवी पाहून त्यानं हसणं आवरलं.

"अंतर हाय," वीरण्णा बायकोला म्हणाला. "दिशा गेली."

तिनं कासऱ्याचं मोकळं टोक हातात घेतलं, ताणलं, आणि रस्त्याच्या अंगानं रिंगण धरून चालू लागली. दुसऱ्या हातानं पाण्याची बारीक धार सोडत होती. अर्धं रिंगणही झालं नव्हतं, चरवी रिती झाली.

"लेक ह्याच्या म्होरं असंल तर?" ती म्हणाली.

महादेवप्पानं चरवी घेतली आणि पाणी आणायला गावाकडे निघाला. तो येईपर्यंत कस्तुराबाई तिथंच उभी राहिली, कासरा सैल न सोडता.